भुसावळची मांजर दुबईला कशी पाठवायची: पोरांसाठी प्राणी-डिटेक्टिव्हच्या परदेशी गोष्टी लिहायची माझी पद्धत

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. मे महिना, भुसावळचं ऊन, रात्री गच्चीवर गाद्या टाकलेल्या, एका कोपऱ्यात दिवसभर वाळत घातलेल्या बिबड्या अजून उचलायच्या राहिलेल्या, आणि बहिणीची, दिराची, शेजारची मिळून आठ-नऊ पोरं. मी मोठ्या झोकात सुरुवात केली की चटणी नावाची एक मांजर असते, ती डिटेक्टिव्ह असते, ती रावेरला केळीच्या कंटेनरमध्ये चुकून बंद होते आणि थेट दुबईला उतरते. रावेरचा भाचा, वय वर्षं नऊ, बापाची केळीची बाग, तो उठून बसला. "मावशी, तो कंटेनर 13 डिग्रीला असतो, सील लावतात त्याला, इतके दिवस ती पाणी काय पिली? आणि शी कुठं केली?" झालं. सगळी पोरं शी वरच अडकली, गोष्ट तिथंच मेली.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. मांजर बोलते हे पोरांना चालतं, मांजर टोपी घालून चौकशी करते तेही चालतं, पण मांजर पाण्याशिवाय चार-पाच दिवस राहिली हे चालत नाही. एक मोठं खोटं माफ, बाकी सगळं खरं पाहिजे. तेव्हापासून चारेक उन्हाळे अशा गोष्टी रचते आहे, काही जमल्या, काही फसल्या, आणि बऱ्याच जणींनी विचारलं की कसं करता, म्हणून हे सविस्तर लिहिते. कुणाला घरच्या पोरांसाठी लिहायच्या असतील, कुणी शाळेत शिक्षिका असेल, तर उपयोग होईल.

पहिलं काम: प्राणी निवडा, पण त्याला काय जमत नाही ते बघून

बहुतेक जण इथंच घाई करतात. कुत्रा घेतात कारण कुत्रा वास घेतो, संपलं. तसं नका करू. एक वही घ्या आणि निवडलेल्या प्राण्याचे तीन रकाने पाडा, काय जमतं, काय जमत नाही, कशाला घाबरतो. गोष्टीतली मजा सगळी मधल्या रकान्यात असते.

कुत्र्याचंच बघा. माणसाच्या नाकात वास ओळखणारे रिसेप्टर साधारण 50 ते 60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटींपर्यंत, जातीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे वास हा त्याचा हुकमी पत्ता. पण कुत्र्याला लाल आणि हिरवा यातला फरक नीट कळत नाही, त्याचं जग निळं-पिवळं. आता समजा साक्षीदार म्हणाला "चोराने लाल पिशवी घेतली होती" आणि समोर दोन पिशव्या, एक लाल एक हिरवी, तर तुमचा डिटेक्टिव्ह गार! त्याला कुणाची तरी मदत घ्यावीच लागणार, आणि मदत घ्यायला लागली की दुसरं पात्र आपोआप येतं, ओढूनताणून आणावं लागत नाही.

मांजरीला गोड चव कळतच नाही. हे खरं आहे, गोड ओळखायला जो जीन लागतो तो मांजरींमध्ये बिघडलेला असतो, शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये हे दाखवून दिलं. पोरं लगेच म्हणतात आमची मांजर बासुंदी खाते, तर ती खाते सायीसाठी, साखरेसाठी नाही. या एका गोष्टीवर मी एक अख्खी केस उभी केली, जिलेबी चोरल्याचा आळ मांजरीवर येतो आणि ती म्हणते मला जिलेबी आणि पुठ्ठा सारखाच लागतो. अंधुक उजेडात मांजरीला आपल्यापेक्षा खूप चांगलं दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढ्यातली वस्तू धूसर दिसते, तिथं ती मिशांनी चाचपते. म्हणजे चटणीला चिठ्ठी वाचायची तर ती लांब धरावी लागणार, आजोबा पेपर धरतात तशी. ही एक ओळ मी सांगितली की पोरं हमखास हसतात.

कावळा घेतला तर तो माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो, डूख धरतो, यावर मुखवटे घालून प्रयोग झालेत. पाल घेतली तर ती शेपूट टाकून पळते, म्हणजे घटनास्थळी पुरावा ठेवूनच जाते बिचारी. बकरीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, मान न वळवता तिला जवळपास सगळीकडचं दिसतं, तिच्या मागून पळून जाणं अवघड.

आणि उंदराला विसरू नका. आफ्रिकेतले मोठे पिशवीवाले उंदीर टांझानियात शिकवून तयार करतात, जमिनीत पुरलेले सुरुंग वासावरून शोधायला. त्यातल्या मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभरावर सुरुंग आणि स्फोटकं शोधली, 2020 साली त्याला शौर्याचं सोन्याचं पदक मिळालं. उंदीर हलका, सुरुंगावर पाय पडला तरी तो फुटत नाही, म्हणून हे काम त्याला. आता सांगा, हे वाचल्यावर वाघ-सिंहाला डिटेक्टिव्ह करावंसं वाटेल का. मला तर वाघ डिटेक्टिव्ह कधीच पटला नाही, त्याला बघून साक्षीदारच पळून जातील, जबाब कुणाचा घेणार?

दुसरं काम: तो परदेशी जातोच कसा, आणि का

आधी "का" ठरवा. फिरायला गेला हे कारण फार पातळ आहे. कुणीतरी घरचं अडचणीत पाहिजे, नाहीतर घरातून काहीतरी गेलेलं पाहिजे जे शोधायला जायचंय. पोरांना आपलं माणूस कळतं, "जगाला वाचवायचंय" वगैरे त्यांना फारसं कळत नाही, ते फक्त मोठ्यांना कळतं असं मोठ्यांना वाटतं.

मग "कसं". मला तीन रस्ते सापडलेत.

पहिला रस्ता कागदपत्रांचा. घरातलं कुणीतरी नोकरीला परदेशी चाललंय आणि मांजर सोबत नेतंय. हा रस्ता कंटाळवाणा वाटतो पण पोरांना यातलं सगळं जाम आवडतं, कारण मांजरीच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात आणि तिचा 15 आकडी नंबर असतो, रेबीजची लस, डॉक्टरचा दाखला, सरकारी क्वारंटाइन खात्याचा दाखला, पलीकडच्या देशाची परवानगी, विमानात पिंजऱ्याचं माप. माझी चटणी शेवटी अशीच गेली. 15 आकडी नंबर हा तर आयता क्लू आहे, दोन सारख्या दिसणाऱ्या मांजरींची अदलाबदल झाली तर खरी कोणती ते चिपवरून कळतं. फक्त देश कोणता ते बघून घ्या. ऑस्ट्रेलियाचे नियम भयंकर कडक, इथून सरळ कुत्रा उचलून तिथं नेता येत नाही. आणि अंटार्क्टिकाला तर 1994 पासून कुत्र्यांना बंदीच आहे, तिथल्या सील नावाच्या समुद्री प्राण्यांना कुत्र्यांचे रोग लागू नयेत म्हणून. म्हणजे कुत्रा डिटेक्टिव्ह बर्फात स्लेज ओढतोय अशी अंटार्क्टिकाची गोष्ट आजच्या काळातली म्हणून लिहिली तर ती चूकच.

दुसरा रस्ता पंखांचा, तिकीट नाही, व्हिसा नाही. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या वावरावर भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात ना, शेतकरी डबे वाजवून हाकलतात, त्या गुलाबी भोरड्या मध्य आशियातून येतात, उन्हाळा लागायला लागला की परत कझाकस्तानकडे. हतनूर धरणावर थंडीत पाहुणे पक्षी येतात ते बघायला पोरांना एकदा घेऊन जा, गोष्टीसाठी अर्धी पात्रं तिथंच भेटतील. आणखी एक भन्नाट, चतुर. तोच तो पावसाळ्यात घोळक्याने उडणारा पिवळसर चतुर, तो भारतातून मालदीववरून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातो, पण एका पिढीत येण्याजाण्याचा फेरा पूर्ण होत नाही. म्हणजे केस आजोबाने घेतली आणि सोडवली नातवाने! ही गोष्ट मी अजून लिहिलेली नाही, कुणाला लिहायची तर खुशाल घ्या.

तिसरा रस्ता मालाचा, जहाज, कंटेनर, ट्रक. यात माझं काय झालं ते वर सांगितलंच. वापरायचा असेल तर छोटा जीव घ्या, उंदीर, पाल, झुरळ, आणि हवा-पाणी-थंडी याचा हिशोब आधी लावा.

तिसरं काम: देश निवडताना तिथली एकच विचित्र खरी गोष्ट पकडा

परदेश म्हटलं की लोक आयफेल टॉवर, लंडनचं घड्याळ, न्यूयॉर्कचा पुतळा असं सगळं एका गोष्टीत कोंबतात. गोष्ट राहते बाजूला, पोस्टकार्डं होतात. माझा नियम असा की जी गोष्ट काढून टाकली तर केसच उभी राहणार नाही, तीच ठेवायची. केस भुसावळात जशीच्या तशी घडू शकत असेल तर परदेशी जायची काय गरज, तिकिटाचे पैसे वाया.

उदाहरण देते, आणि हे सगळ्यात सोपं म्हणून नवीन लिहिणाऱ्यांनी इथूनच सुरू करा. नेपाळ. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे. आपल्याकडे आठ वाजले की तिथं सव्वाआठ. आता बिहारमधलं रक्सौल आणि पलीकडे नेपाळातलं बीरगंज, सीमेला लागून. बीरगंजात एका दुकानातून पेढ्यांचा डबा जातो, भिंतीवरच्या घड्याळात 8 वाजून 10 मिनिटं. संशयित माकड म्हणतं, मी 8 वाजून 10 मिनिटांनी रक्सौलला चहाच्या टपरीवर होतो, टपरीवाल्याची म्हैस साक्षीला आहे, टपरीतल्या घड्याळात तिने पाहिलंय. एकाच वेळी दोन ठिकाणी कसं असणार, माकड सुटलं! मग आपल्या डिटेक्टिव्हच्या लक्षात येतं की बीरगंजचे 8:10 म्हणजे आपले 7:55. माकडाकडे चांगली 15 मिनिटं होती सीमा ओलांडून यायला. चौथीतल्या पोराला हे गणित येतं, आणि त्याला ते तुमच्याआधी आलं की त्याचा चेहरा बघा.

अशा गोष्टी एकदा शोधायला लागलं की सापडतच जातात. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही, आता रात्री काम करणारा घुबड डिटेक्टिव्ह तिथं उन्हाळ्यात गेला तर त्याने काय करायचं, आणि "चोरी रात्री झाली" या वाक्याला तिथं अर्थ काय? जपानमध्ये नारा गावात हरणं मोकळी फिरतात आणि बिस्किटासाठी माणसांपुढे मान लववतात, तर मान न लववणारं एक हरीण दिसलं की समजायचं हे बाहेरून आलंय. रशियात सेंट पीटर्सबर्गला हर्मिटेज म्हणून प्रचंड म्युझियम आहे, त्या राजवाड्यात उंदरांसाठी मांजरं आणायचा हुकूम 1745 साली महाराणी एलिझाबेथने काढला होता आणि आजही तळघरात मांजरं आहेत. चटणीची पुढची बदली तिथंच करायचा विचार आहे, फक्त तिथली थंडी आणि आमची 45 डिग्रीत वाढलेली मांजर, बघू.

एका केसला एकच देश. तीन देश फिरवले की मला स्वतःलाच कोण कुठं आहे ते आठवत नाही.

चौथं काम: केस उलटी लिहा, आणि चावी घरी ठेवून जा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथं जरा रेंगाळते. आधी उत्तर लिहायचं. काय झालं, कुणी केलं, का केलं, दोन-तीन ओळीत. मग त्या उत्तराने मागे काय काय खुणा सोडल्या असतील त्या लिहायच्या. त्यातल्या तीन निवडायच्या. मग दोन खोट्या वाटा, म्हणजे ज्यांच्यावर संशय जाईल पण ते निर्दोष. आणि शेवटी, ही माझी स्वतःची खोड समजा, केसची चावी पहिल्याच पानावर, घरीच, कुणाच्या तरी तोंडी सहज टाकून ठेवायची. चावी खान्देशात आणि कुलूप परदेशात.

चटणीची दुबईची केस कशी बसवली ते पूर्णच सांगते, कारण नुसत्या नियमाने काही कळत नाही.

उत्तर आधी लिहिलं. रावेरहून गेलेल्या केळीच्या कंटेनरमधली सगळी केळी काळी पडलेली निघाली. कारण, कंटेनरचं तापमान 13 डिग्री ठेवायच्या ऐवजी 3 डिग्री ठेवलं गेलं. केळी जहाजाने पाठवतात ती हिरवी, कच्ची, आणि साधारण 13-14 डिग्रीला, म्हणजे ती पिकत नाहीत आणि बिघडतही नाहीत. त्याच्या फार खाली थंडी गेली की साल काळी पडते आणि नंतर धड पिकतही नाहीत. चोर कुणीच नाही, चूक आहे. कागदाला घडी पडली, घडीत 13 मधला 1 दडला, वाचणाऱ्याने 3 वाचलं.

आता चावी. पहिल्या पानावर रावेरच्या घरी आजी सुनेवर ओरडते, "केळं फ्रिजमधी ठेवू नको म्हणलं ना, काळं पडतं ते!" बस, एवढंच. चटणी त्या वेळी ओट्याखाली झोपलेली, एक कान हलतो. वाचणाऱ्याला वाटतं आजीचा स्वभाव दाखवलाय.

मग चटणी ताईबरोबर दुबईला जाते, ताईच्या काकांचाच तो माल, घेणारा म्हणतो तुमच्याकडच्या शेतकऱ्याने सडका माल भरला, आणि इथं चटणीच्या नाकाला झोंबतं, आमच्या रावेरचं केळं सडकं? जळगावच्या केळीला 2016 पासून जीआय टॅग आहे, म्हणजे त्या भागाचा खास माल अशी सरकारी ओळख, एवढ्या नावाजलेल्या मालाला नावं! म्हणून ती केस घेते. कारण कसं घरातून आलं बघा.

खोटी वाट एक, उंदीर. एका खोक्याला भोक सापडतं. उंदराला धरलं तर तो वैतागून म्हणतो, मी एकच दात लावला, थू, कच्चं होतं, सोडून दिलं. पोरांना वाटतं उंदीर खोटं बोलतोय, कारण साल तर काळी, कच्चं कसं असेल? पण इथंच पहिला खरा क्लू दिलेला असतो.

खोटी वाट दोन, बंदरावरचे कावळे. दुबईला आपले कावळे आहेत बरं का, आपल्याच जातीचे, जहाजांवरून तिकडे गेलेले. साळुंक्या आहेत, लालबुड्या बुलबुल आहे. पोटापाण्याला आखातात गेलेल्या आपल्या माणसांसारखेच, मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं. कावळ्यांवर संशय कारण ते सारखे कंटेनरवर बसलेले, पण ते बसतात गारव्याला.

दुसरा क्लू, चव. चटणीने केळं चाखून काही उपयोग नाही, तिला गोड कळतच नाही (वहीतला मधला रकाना!). म्हणून ती बुलबुलला बोलावते. बुलबुल फळ खाणारा, तो चोच मारतो आणि म्हणतो, अगं हे पिकलेलंच नाही, तुरट आहे. म्हणजे उंदीर खरं बोलत होता. वरून काळं, आतून कच्चं.

तिसरा क्लू, जागा. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये थंड हवा एका टोकाच्या मशीनमधून येते, तर त्या टोकाजवळची खोकी सगळ्यात जास्त काळी आणि दाराजवळची जरा कमी. चटणी मिशांनी, पंजांनी खोकी तपासत जाते आणि तिला तिकडे जास्त हुडहुडी भरते.

मग ती थांबते, आणि तिला रावेरचा ओटा आठवतो, आजीचा आवाज. इथं मी पाच सेकंद गप्प बसते. पाचही सेकंद लागत नाहीत, कुणीतरी ओरडतंच, "फ्रिज!! फ्रिज!!" मग घडी पडलेला कागद सापडतो, जो चटणीला लांब धरून वाचावा लागतो. कंटेनरमध्ये तापमानाची नोंद आपोआप होत असते, ती काढून बघितल्यावर शिक्का बसतो, पण नोंद शेवटीच दाखवायची, आधी दाखवली तर डिटेक्टिव्हची गरजच काय राहिली.

रावेरच्या भाच्याने या वेळी पास केलं. फक्त म्हणाला, कागदावर कोण लिहितं आजकाल, मोबाईलवर येतं. त्यालाही उत्तर शोधतेय.

मध्येच: आपल्याच भागातली एक खरी केस

तुम्ही म्हणाल मांजरी आणि केळी ठीक, पण खान्देश ते परदेश अशी खरीखुरी केस कुठं असते. आहे! आणि ती माहीत झाल्यापासून मला दुसऱ्या कुणाच्या गोष्टी वाचायची फार गरज वाटत नाही.

रानपिंगळा म्हणून छोटं घुबड आहे, सातपुड्यातलं, आणि घुबड असून दिवसा हिंडतं. 1873 मध्ये त्याची शास्त्रात पहिली नोंद झाली. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात शहादा-तळोद्याकडे काही पक्षी मिळवले, त्यांच्या भुसा भरलेल्या कातड्या लंडनच्या म्युझियमला गेल्या. 1884 नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नाही. सगळ्या जगातल्या म्युझियममध्ये मिळून कातड्या मोजून सात. त्यातली एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात, लेबलवर लिहिलेलं की 1914 मध्ये गुजरातमध्ये मांडवीला मिळाला. लोक त्या लेबलवर विश्वास ठेवून शोधत राहिले आणि रिकाम्या हाताने परत येत राहिले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंना संशय आला. त्यांनी कातड्या बारकाईने तपासल्या, एक्स-रे काढले, तर निघालं काय, की त्या पठ्ठ्याने म्युझियममधलाच डेव्हिडसनचा पक्षी चोरला होता, आतला भुसा बदलून नवीन भरला आणि खोटं लेबल लावलं! पण प्रत्येकाची कातडी शिवायची, भरायची एक पद्धत असते, डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा आत राहून गेल्या होत्या. म्हणजे 1914 ची नोंद खोटी, गुजरातची जागा खोटी. मग बाईंनी आणि त्यांच्या दोन साथीदारांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी, 113 वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा बसलेला दिसला. दिवसाढवळ्या.

चोर मेल्यावर 30 वर्षांनी पकडला गेला, पुरावा एका पक्ष्याच्या पोटात, आणि पक्षी आपल्या शहाद्याचा. यातून गोष्टीसाठी शिकायला काय, तर खोटं लेबल हा जबरदस्त क्लू असतो, आणि गुन्हेगार घाईत एक खूण बदलायची विसरतो, ती खूण त्याला साधी वाटते म्हणून. माझ्या वहीत एक रानपिंगळी आहे, नाव अजून ठरत नाही, ती आपल्या खापरपणजोबांची कातडी शोधायला लंडनला जाते. ती दिवसा जागी असते म्हणून लंडनची घुबडं तिला वेडी समजतात.

आणि प्राण्यांच्या गोष्टी आपल्याकडून परदेशी जाणं हे काही नवीन नाही. पंचतंत्रातले करटक-दमनक हे दोन कोल्हे सहाव्या शतकात इराणला गेले, आठव्या शतकात अरबीत गेले, तिथं त्यांची नावं कलीला आणि दिम्ना झाली. आणि गंमत म्हणजे अरबीत दमनकाच्या कारस्थानाची चौकशी होऊन त्याच्यावर खटला चालतो असं जास्तीचं प्रकरणच आलं, जे आपल्याकडच्या मूळ गोष्टीत नव्हतं. म्हणजे चौकशी प्राण्यांच्या गोष्टीत घुसली तीसुद्धा परदेशी गेल्यावर.

पाचवं काम: बोलायचं कुठल्या भाषेत

हा प्रश्न लोक टाळतात आणि मग दुबईचा उंट पुण्याच्या मास्तरसारखा बोलतो. मी असं करते की सगळे प्राणी एकमेकांना समजतात हे ते एक मोठं माफ असलेलं खोटं, पण प्रत्येकाची बोलायची ढब वेगळी. चटणी घरी अहिराणी ऐकून वाढलेली, म्हणून घाबरली की तोंडातून अहिराणीच निघतं. दुबईच्या साळुंकीला ती पहिल्यांदा भेटते तेव्हा साळुंकी म्हणते, "काय व्हयनं भो?" आणि चटणीच्या डोळ्यात पाणी येतं. पोरं त्यावर जाम खूश, घरात आजी बोलते ती भाषा दुबईत! पण सगळी गोष्ट अहिराणीत नको, शहरातल्या पोरांना तुटक होतं, दोन-चार वाक्यं पुरे, जिथं मन भरून येतं नाहीतर राग येतो तिथं.

माणसांना प्राण्यांचं बोलणं कळत नाही, हे मात्र कडक पाळा. नाहीतर मांजर सरळ पोलिसांना जाऊन सांगेल, गोष्ट दोन पानात खलास. चटणीला सापडलेलं उत्तर माणसांपर्यंत पोचवायचं कसं हा दुसरा पेच, कागद ताईच्या पायाशी आणून टाकणं, फ्रिजसमोर बसून ओरडणं, असलं काहीतरी.

परदेशातले प्राणी बावळट आणि आपला तेवढा हुशार, असं करू नका, फार स्वस्त वाटतं. तिथली माहिती तिथल्याच प्राण्याकडे पाहिजे.

भीती, खाणं आणि बाकीचं

पटापट सांगते. सहा-सात वर्षांच्या पोरांना प्राणी मरणार का हीच एक धास्ती असते, त्यामुळे जीवघेणा प्रसंग आला तर त्याच पानात सुटका दाखवा, प्रकरण तिथं तोडून झोपायला पाठवू नका, मी एकदा पाठवलं आणि रात्री दोन वाजता धाकटीला कुशीत घेऊन पुढचं सांगत बसले. मोठ्यांना तोडलेलं आवडतं, त्यांच्यासाठी दर प्रकरणाच्या शेवटी एक प्रश्न ठेवा.

खाणं भरपूर ठेवा. कुत्र्याला गोष्टीत चॉकलेट, द्राक्षं, कांदा खायला घालू नका, खऱ्या कुत्र्याला ते विषारी असतं आणि पोरं गोष्टीतलं करून बघतात. चटणीसाठी मी शेवभाजीतली शेव ठेवली होती, तिखटाने तिला शिंका येतात आणि त्याच शिंकेने ती लपलेली पकडली जाते.

लांबी, पहिली-दुसरीच्या पोरांना हजारभर शब्द पुरतात, त्यात एक क्लू, एक संशयित. चौथीच्या पुढे अडीच-तीन हजार आरामात. लिहून झालं की आधी मोठ्याने वाचा, स्वतःला, पंखा बंद करून. जिथं तुमची जीभ अडखळते तिथं वाक्य मोडा. मग पोरांपुढे वाचा आणि पेन हातात ठेवा, ते जिथं चुळबुळ करतात तिथं समासात फुली, जिथं प्रश्न विचारतात तिथं प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या, उत्तर देऊ नका, पुढच्या वेळी गोष्टीतच द्या. दोन-तीन फेऱ्यांनी गोष्ट घट्ट होते. मग पाठवायची असेल तर बालभारतीचं किशोर मासिक आहे, 1971 पासून चालू आहे, त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात, ते चाळून आपली गोष्ट कुठं बसते बघा.

परवा दुबईची केस पूर्ण वाचून दाखवली, टाळ्या पडल्या, मी वही मिटवतच होते तर शेजारची सहा वर्षांची म्हणाली, "मावशी, पण चटणी परत कशी आली? तिला परत सुया टोचल्या?" आता परदेशातून मांजर भारतात आणायला कुठले कागद लागतात ते शोधत बसलेय.